दवाखान्याच्या तीन पायऱ्या

गेली अठ्ठावीस वर्षे मी ज्या दवाखान्यात बसतो, त्याच्या दारात तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरी सहा इंच उंच. आमचे गाव चढउतारांचे. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी आत शिरू नये म्हणून बांधणाऱ्याने जोते उंच घेतले, आणि ते योग्यच केले. या पायऱ्या मी दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो. त्या मला कधी दिसल्याच नाहीत. ज्या गोष्टीचा आपल्याला त्रास होत नाही ती आपल्याला दिसत नाही, हे वैद्यकात खरे आहे आणि बांधकामातही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका उपचार घेतात. गावात सारे त्यांना ‘बाई’ म्हणतात; मीही तेच म्हणतो. वय शहात्तर, जुना मधुमेह. काही वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू दुबळी झाली. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत असतात. त्यांचे यजमान, आमचे काका, वयाने त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. दर महिन्याला काका त्यांना रिक्षातून घेऊन येत आणि रिक्षा दवाखान्यासमोर उभी राही. मग मी रक्तदाबाचे यंत्र आणि स्टेथोस्कोप घेऊन तीन पायऱ्या उतरून खाली जाई, रिक्षातच तपासणी करी आणि औषधे लिहून देई. बाकीचे रुग्ण कौतुकाने पाहत. खरे सांगायचे तर माझ्या या सौजन्याचे मलाही थोडे कौतुक वाटत असे.

असे सुमारे दोन वर्षे चालले. एके दिवशी काकांना ताप आला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. बाई पलंगावर होत्या. त्यांच्या उजव्या पायाच्या मोज्यावर टाचेपाशी एक तपकिरी डाग दिसला. मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. दुबळा पाय खुर्चीच्या पावलपट्टीवर सतत टेकून राहिल्याने पडलेली, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झाल्याने फारशी न दुखलेली. मी जरा रागानेच विचारले, “बाई, हे मला आधी का दाखवले नाही?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “तीन वेळा दाखवायचे ठरवून आले होते, डॉक्टर. पण भर रस्त्यात पाय कसा उघडा करायचा? येणारेजाणारे निम्मे माझे विद्यार्थी असतात.”

ती जखम भरायला चार महिने लागले. शल्यचिकित्सकांनी मृत भाग काढला, रोज मलमपट्टी झाली, पाय वाचला. पण त्या चार महिन्यांत मला एक हिशेब करावा लागला. दोन वर्षांत बाईंचे वजन मी एकदाही घेतले नव्हते. पोट तपासले नव्हते, पाठीवरची त्वचा पाहिली नव्हती. मधुमेही रुग्णाचे पाय दर भेटीत पाहावेत, हे मी याच स्तंभातून आपल्याला सांगत आलो आहे. माझ्या स्वतःच्या रुग्णाचे पाय मी पाहिले नव्हते. आणि बाईंना खाजगी काही बोलायचे असेल, तर ते रिक्षावाल्यासमोर बोलावे लागत होते. माझ्या सौजन्यामुळे ही उणीव झाकली गेली होती, इतकेच.

पहिली उतरण आणि तिचा धडा

पश्चात्तापाच्या भरात मी दुसऱ्याच आठवड्यात गवंड्याला बोलावले आणि पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर उतरण करायला सांगितले. त्याने दोन दिवसांत सहा फुटांची सुरेख उतरण करून दिली. वर गुळगुळीत लाद्याही बसवल्या. मी समाधानी झालो.

बाई आल्या त्या दिवशी काका खुर्ची ढकलू लागले. अर्ध्यावर पोहोचल्यावर त्यांचे पाय घसरले आणि खुर्ची उलटी मागे येऊ लागली. कंपाउंडर आणि रिक्षावाला धावले म्हणून अनर्थ टळला. ऐंशी वर्षांचे काका घामाने भिजले होते. बाई खुर्चीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. मदत म्हणून बांधलेली ती उतरण पायऱ्यांपेक्षाही घातक ठरली होती.

त्या रात्री मी प्रथमच अपंगांसाठीचे इमारतविषयक नियम वाचायला बसलो. त्यात एक साधा आकडा होता: एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायची तर उतरण किमान बारा फूट लांब हवी. माझ्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट. म्हणून उतरण अठरा फूट हवी होती. मी ती सहा फुटांत बसवली होती, एकास चार. नियमाला मान्य असलेल्या चढाच्या तिप्पट तीव्र. हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. खुर्चीतला माणूस स्वतःच्या हातांनी चाके फिरवून, किंवा मागचा माणूस बेताच्या ताकदीने ढकलून, जो चढ पार करू शकेल त्याची ती कमाल मर्यादा आहे. जागा असेल तर एकास पंधरा किंवा एकास वीस अधिक बरी. ढकलणारा माणूस बहुधा म्हाताराच असतो, हे आपल्या घरांतले वास्तव लक्षात घेतले तर ती फारच बरी.

नियमांमागची कारणे

पुढे मी हे नियम वाचत गेलो, तसे माझ्या ध्यानात आले की यातील जवळजवळ प्रत्येक मापामागे शरीरशास्त्र आहे. मला ते वैद्यकाच्या पुस्तकासारखेच वाटू लागले. काही उदाहरणे देतो.

कठड्याचे घ्या. जिन्याला आणि उतरणीला दोन्ही बाजूंनी आधाराची दांडी हवी, असे नियम सांगतो. एका बाजूला असली तर काय बिघडते? बाईंची उजवी बाजू दुबळी आहे. त्या फक्त डाव्या हाताने दांडी धरू शकतात. चढताना डावीकडे असलेली दांडी उतरताना उजवीकडे येते. म्हणजे एकच दांडी असेल तर बाई चढून जातील, पण उतरू शकणार नाहीत. दांडी आणि भिंत यांत किमान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच अंतर हवे. संधिवाताने जाड झालेली बोटे त्यात मावली पाहिजेत आणि तोल गेला तर हात भिंतीला न घासता दांडीभोवती मिटला पाहिजे. आणि दांडी शेवटच्या पायरीवर न थांबता पुढे आणखी ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर गेली पाहिजे. का? कारण पाय सपाट जमिनीवर नीट स्थिरावेपर्यंत हाताला आधार हवा असतो. ‘संपल्या पायऱ्या’ असे समजून हात सोडणारे आणि मग खुब्याचे हाड मोडून येणारे आजी-आजोबा प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत.

पायरीचे माप घ्या. उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको, पाऊल टेकवायची जागा ३०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे सहा इंच आणि एक फूट. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला प्रत्येक जादा इंच वर उचलताना किती कळा सोसाव्या लागतात, हे त्यालाच विचारावे. सर्व पायऱ्या एकसारख्या असणे तर त्याहून महत्त्वाचे. आपला पाय पहिल्या दोन पायऱ्यांवरून तिसरीचा अंदाज बांधतो. ती इंचभर वेगळी निघाली की ठेच लागते. आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाची पट्टी हवी. मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या डोळ्यांना एकाच रंगाच्या फरशीवरच्या पायऱ्या म्हणजे एक सपाट चादर भासते.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट हवी. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. चाक फिरवणाऱ्या हातांची कोपरे त्याबाहेर येतात. खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळवायला १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फूट व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. आपल्याकडे शौचालयाचे दार सर्वांत अरुंद ठेवण्याची रीत आहे. आणि नेमके तेथेच माणसाला सर्वांत अधिक मदत लागते.

शौचालयाचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, हा नियम मला सर्वांत अधिक पटला. चक्कर येऊन आत पडलेला माणूस बहुधा दाराला अडसर होऊनच पडतो. दार आत उघडणारे असेल तर ते ढकलावे तितके त्याच्याच अंगावर येते. दार तोडून रुग्णाला बाहेर काढल्याचे प्रसंग माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्या प्रत्येक वेळी गेलेली दहा-पंधरा मिनिटे फार मोलाची होती. कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर, सुमारे दीड फूट, म्हणजे साधारण गुडघ्याच्या उंचीची हवी. त्याहून खाली बसले की उठताना मांडीच्या स्नायूंवर फार ताण येतो. शेजारी भिंतीत पक्के बसवलेले पकडदांडे हवेत. टॉवेल टांगायची दांडी म्हणजे पकडदांडा नव्हे. ती कपड्याचे वजन पेलण्यासाठी असते, माणसाचे नव्हे. आणि पडताना माणूस तीच धरतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करतो. उतरण केली म्हणजे पायऱ्या काढून टाकाव्यात, असे नाही. कंपवाताच्या काही रुग्णांना उतारावर पावले आवरत नाहीत. त्यांना कठडा असलेल्या बेताच्या पायऱ्या अधिक सोयीच्या पडतात. म्हणूनच नियम दोन्हींची अपेक्षा करतात.

केवळ चाकाची खुर्ची नव्हे

सुगम्यता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चाकाची खुर्चीच येते. प्रत्यक्षात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी आहे, श्रवणदोष आहे, कंपवात आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यात जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबणाऱ्या आपल्यासारख्या ज्येष्ठांपैकी फारच थोडे असतील; कारण आपण त्याला अपंगत्व म्हणत नाही, ‘वय झाले’ म्हणतो.

रेल्वे फलाटांवर आणि पदपथांवर आपण पिवळ्या उठावाच्या लाद्या पाहिल्या असतील. पुष्कळांना ती सजावट वाटते. त्या अंधांच्या पायांसाठी आणि काठीसाठी आहेत. लांब रेघांच्या लाद्या सांगतात, ‘या दिशेने चालत राहा’. गोल ठिपक्यांच्या लाद्या सांगतात, ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे.’ जपानमधील सेइची मियाके यांनी त्या घडवल्या आणि १९६७ च्या मार्च महिन्यात ओकायामा शहरातील एका रस्त्यावर त्या प्रथम बसवण्यात आल्या. त्यांचा पिवळा रंगही उगाच नाही; अंधुक दिसणाऱ्यांना तो उठून दिसतो. या रेघांवर दुचाकी लावणे म्हणजे कोणाची वाट भिंत घालून बंद करणे होय. हे आपल्यातल्या पुष्कळांकडून अजाणता घडते.

ऐकू कमी येणाऱ्यांचा प्रश्न तर आणखी अदृश्य. माझ्या दवाखान्यात कंपाउंडर नावे पुकारत असे. एक आजोबा दीड तास बसून घरी गेले; त्यांचे नाव दोनदा पुकारले गेले होते आणि त्यांना ऐकू आले नव्हते. आता भिंतीवर क्रमांकाची मोठी पाटी आहे. तिला खर्च जवळजवळ आला नाही.

ज्यांनी या सर्व विचाराला ‘सर्वांसाठी रचना’ असे व्यापक रूप दिले, ते अमेरिकी वास्तुरचनाकार रॉन मेस स्वतः लहानपणी पोलिओ झालेले आणि चाकाची खुर्ची वापरणारे होते. अपंगांसाठी मागच्या बाजूने वेगळे दार नको, सर्वांसाठी एकच सोयीचे दार असावे, हा त्या विचाराचा गाभा आहे.

कायदा काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. तो सर्वसामान्य वाचकालाही माहीत असायला हवा, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो.

२०१६ चा हा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे केवळ सरकारी कचेरी नव्हे. लोक ज्या इमारतीचा वापर करतात ती खासगी इमारतही त्यात येते: शाळा, दुकाने, प्रार्थनास्थळे, नाट्यगृहे, न्यायालये, बसस्थानके आणि वैद्यकीय सेवा देणाऱ्या जागा. हे वाचताना माझी मान खाली गेली. माझा दवाखानाही सार्वजनिक इमारत होता, आणि मी स्वतःला कायद्याबाहेरचा समजत होतो. याच अधिनियमाच्या कलम २५ मध्ये सरकारी व खासगी रुग्णालये आणि आरोग्यकेंद्रे यांच्या सर्व भागांत अडथळारहित प्रवेश असावा, असे म्हटले आहे.

कलम ४४ अन्वये, आराखडा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे नसेल तर बांधकामाची परवानगी देऊ नये आणि तसे बांधकाम झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना सुगम्य होण्यासाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे मूळची मुदत २०२२ मध्येच संपली. अधिनियमाचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

मोजमापांचा तपशील राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये, केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शिकेत आणि महाराष्ट्रातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत मिळतो. पण एक मोठी फट राहिली होती. अधिनियमाची भाषा ‘केलेच पाहिजे’ अशी होती, तर त्याखालच्या नियम १५ मधून पुढे आलेल्या मार्गदर्शिकांची भाषा बव्हंशी ‘करावे’ अशी शिफारशीची होती. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर २०१७ मध्ये न्यायालयाने विस्तृत निर्देश दिले. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नियम १५ चे पहिले उपकलम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले. ज्यांत सूट नाही असे किमान सक्तीचे नियम वेगळे काढून तीन महिन्यांत तयार करावेत, असे न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले. सुगम्यता ही दयेची नव्हे, हक्काची बाब आहे, हे त्या निकालातून पुरेसे स्पष्ट होते.

कोणत्याही सार्वजनिक इमारतीत अडथळा आला तर प्रथम त्या संस्थेच्या प्रमुखाला लेखी कळवावे, शक्य तर छायाचित्रासह. दाद लागली नाही तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते. केंद्र सरकारच्या ‘सुगम्य भारत’ या मोबाइल अॅपवरही छायाचित्र पाठवून तक्रार नोंदवता येते. नातवंडांना सांगितले तर ती पाच मिनिटांत करून देतील.

मोजपट्टी घेऊन घरभर फिरा

आपले राहते घर ‘सार्वजनिक इमारत’ नव्हे. पण जे माप कायद्याने रुग्णालयासाठी ठरवले, ते आपल्या न्हाणीघरालाही तितकेच हितकारक आहे. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंत पडणे हे जगभरात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे आणि त्यात साठीपुढील माणसे सर्वाधिक असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून या पंधरवड्यात एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. घरातील तरुण माणसाने मोजपट्टी घ्यावी आणि ज्येष्ठांनी सोबत फिरून सांगावे, कोठे हात कशाला धरावासा वाटतो.

न्हाणीघराच्या आणि शौचालयाच्या दाराची मोकळी रुंदी मोजा. पूर्ण बदल शक्य नसेल तर किमान दार बाहेर उघडेल अशी व्यवस्था सुताराकडून करून घ्या, आणि तोवर आतून कडी न लावण्याची सवय ठेवा. उंबरे पाहा, अर्ध्या इंचाचा उंबरा वॉकरच्या पायाला अडतो आणि पाऊल फरफटणाऱ्याला पाडतो. पकडदांडा भिंतीत पक्क्या बोल्टांनी बसवून घ्या आणि घरातल्या धडधाकट माणसाने त्याला लोंबकळून पाहावे. पलंग ते शौचालय या वाटेवर रात्री मंद दिवा असू द्या. रात्री लघवीला उठणे आणि पडणे यांचा फार जवळचा संबंध आहे. गुळगुळीत लाद्या ओल्या राहत असतील तर खरबरीत लाद्या किंवा पक्की चिकटणारी पट्टी बसवा. सैल पायपुसणे मात्र काढून टाका.

सोसायटीच्या प्रवेशद्वाराच्या पायऱ्या मोजा. उंचीला बाराने गुणा. तेवढी उतरणीची लांबी. जागा नसेल तर ती वळवून घेता येते, मात्र वळणावर आणि वर दाराशी खुर्ची थांबेल एवढा सपाट भाग, पाच फुटांचा, ठेवावा लागतो. आणि नव्या डॉक्टरकडे किंवा तपासणी केंद्रात जाण्याआधी दूरध्वनी करून विचारा: “दारात पायऱ्या किती? खुर्ची लिफ्टमध्ये मावते का? शौचालयात खुर्ची जाते का?” हे प्रश्न विचारण्यात संकोच नको. दहा जणांनी विचारले की अकराव्याच्या आधी तेथे उतरण होते.

अठरा फूट

माझ्या अठरा फुटांचे काय झाले, ते सांगतो. इमारतीच्या समोर तेवढी जागा नव्हती. बाजूच्या भिंतीलगत होती, पण तेथे सात-आठ दुचाकी लागत. राज्याच्या नियमावलीप्रमाणे सहा फूट रुंदीची उतरण आणि वर पाच फुटांचा सपाट भाग घेतला तर त्या साऱ्या हलवाव्या लागणार होत्या. रहिवाशांची सभा झाली. एका सद्गृहस्थांनी विचारले, “डॉक्टर, महिन्याकाठी खुर्चीवरून येतात तरी किती लोक?” मी म्हणालो, “एक.” मग मला सुचले ते म्हणालो, “पायऱ्या आहेत, म्हणून एक.” त्या सभेत निर्णय झाला नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या सभेला मी काकांना बोलावले. त्यांनी भाषण केले नाही. रिकामी खुर्ची त्यांनी आणली होती, जुन्या उतरणीपाशी जाऊन त्यांनी समितीतल्या एका तरुण सदस्याला तीत बसवले आणि म्हणाले, “ढकलून पाहू का?” तो तरुण चटकन उठून उभा राहिला. दुचाकींसाठी मागच्या अंगणात जागा काढण्याचा ठराव त्याच संध्याकाळी झाला.

नवी उतरण झाली. खरबरीत लाद्यांची, दोन्ही बाजूंना कठडा असलेली. आता तिच्यावरून गॅसच्या टाक्या जातात, बाळांच्या गाड्या जातात, गुडघे दुखणारी मंडळी कठडा धरून सावकाश येतात. अठ्ठावीस वर्षे ही माणसे कोठून जात होती, असा प्रश्न मला पडतो. माझ्या दवाखान्यात अजून पुष्कळ उणे आहे. तपासणीचे टेबल फार उंच आहे, त्याची ऑर्डर दिली आहे. शौचालयाच्या दाराचे काम दिवाळीनंतर होईल. खुर्चीवर बसून वजन करता येईल असा काटा मात्र घेतला आहे.

त्या उतरणीवरून बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा काकांनी खुर्ची एकट्याने ढकलली. ते मध्ये एकदाही थांबले नाहीत. दोन वर्षांत प्रथमच बाई माझ्या टेबलासमोर बसल्या. त्यांनी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता पाहिला, पाटीवरचा क्रमांक पाहिला, शिक्षिकेच्या नजरेने एक शुद्धलेखनाची चूकही दाखवली. मी रक्तदाब घेऊ लागलो, तेव्हा त्यांनी डावा हात वर करून मला थांबवले.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “आधी दार लावून घ्या. मग पाय दाखवते.”